खुर्ची सोडली, गाव सोडलं नाही

“आजोबा, तुम्ही सरपंचपद सोडलंत, की चौकशी टाळायला पळालात?”

डेल्फिन आत्याच्या हातातला फुगा, तो तळलेला गोल पाव, मटणाच्या इंद्यालच्या रश्श्यात बुचकन पडला. डॅडींनी पाण्याचा तांब्या उचलला आणि कोणालाच पाणी न देता पुन्हा खाली ठेवला. ॲन्सेल्म काका काहीतरी विनोद सांगत होता, त्याचं हसू ओठांवरच राहिलं. मम्मी वाढता वाढता थांबली. एकटे आजोबा तेवढे सावकाश घास चावत राहिले, जणू कोणी त्यांना मीठ कुठे आहे एवढंच विचारलं होतं.

प्रश्न स्टेफीनं विचारला होता, आणि तिला आतून गुदगुल्या होत होत्या. विचारलं! खरंच विचारलं!

हे सगळं शुक्रवारच्या मधल्या सुट्टीत सुरू झालं होतं. तालुक्याच्या वादविवाद स्पर्धेचा विषय बाईंनी फळ्यावर लिहिला होता, ‘पद सोडलेल्या नेत्यांची चौकशी लोकप्रतिनिधींनी करावी काय?’ चिठ्ठ्या टाकून बाजू ठरल्या आणि स्टेफीच्या वाट्याला ‘करावी’ आलं. गेल्या वर्षीपर्यंत फळ्यापाशी उभं राहिलं की हिला स्वतःचं नावसुद्धा आठवायचं नाही. नाताळच्या कार्यक्रमात एकदा माईक हातात मिळाला, टाळ्या पडल्या, आणि तेव्हापासून ही मुलगी आरशासमोरसुद्धा ‘माननीय परीक्षक’ म्हणूनच सुरुवात करायची.

“पण उतरलेल्या माणसाला उतरवणार कसं गं?” डबा उघडता उघडता संपदा म्हणाली होती. ती मनवेलपाड्याहून यायची आणि रोज बातम्या बघायची. “टीव्हीवर त्या अमेरिकेच्या अध्यक्षाला महाभियोगानं उतरवायचं चाललंय, पण तो अजून खुर्चीत आहे. खुर्ची सोडली की केस खलास.”

“आणि तुला पुस्तकं कशाला शोधायला हवीत?” उन्नतीनं डोळे मिचकावले. “तुझ्या घरातच माजी सरपंच बसलेत. विचार ना त्यांना, का सोडलं ते.”

“तब्येतीमुळे.”

“हो का? माझे पप्पा म्हणतात, तुळिंजमध्ये रिक्षावाल्यांनासुद्धा माहीत आहे तुमच्या गावचं बावखळ, एवढं मोठं गोड्या पाण्याचं तळं, कोणी बुजवलं ते.”

स्टेफीचे कान लाल झाले होते. “माझे आजोबा असले नाहीत!”

“मग विचार की! रविवारी, सगळ्यांसमोर. चॅलेंज?”

“चॅलेंज!”

आणि रविवारही कसला, तर राखेच्या बुधवाराआधीचा. त्या बुधवारी चर्चमध्ये कपाळाला राख लावून उपवासकाळ सुरू व्हायच्या आत तुस्कानोंच्या घरी सगळी भावंडं पोटभर मटण-इंद्याल खायला जमत, आणि त्या जेवणाला पणजीनं घालून दिलेली एक अट होती. घरात जे काही धुमसत असेल, ते त्या दिवशी पानावर बसून बोलून टाकायचं. मनात भांडण ठेवून कपाळाला राख लावून घ्यायची नाही. एका वर्षी याच पंगतीत डेल्फिन आत्यानं आपल्या हुंड्यातल्या कपाटाचा विषय काढला होता, आणि कपाट संध्याकाळच्या आत टेम्पोत चढलं होतं.

“कोनी शिकवलं हे तुला?” आत्याला अखेर वाचा फुटली. मिठागराच्या बाजूच्या गावात दिल्यापासून तिची बोलीही तिकडचीच झाली होती. “ज्या मान्सानं तुला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्याला पळपुटा म्हनतेस?”

“मी म्हटलं नाही, मी विचारलं!”

“स्टेफी, उठ. आत जा,” डॅडी म्हणाले.

“बसू दे तिला, जेन्सन.” आजोबांनी घास गिळला. “आज रविवार आहे. आणि मंगळवारची गोष्ट नाहीतरी कोणीतरी काढणारच होतं. तुम्ही सगळे तासभर भाताभोवती फिरताय. पोरीनं सरळ हात घातला.”

मंगळवारी ग्रामपंचायतीची मासिक सभा होती. माजी सरपंच व्हॅलेरियन तुस्कानो यांच्या काळात गावच्या बावखळात भराव कोणाच्या परवानगीनं पडला, याची गटविकास अधिकाऱ्यांकडून चौकशी व्हावी, असा ठराव येणार होता. निम्मे सदस्य या बाजूला, निम्मे त्या बाजूला. मधे उरली होती एकच सदस्य, महिलांच्या राखीव जागेवरून गेल्या वर्षी पोटनिवडणुकीत निवडून आलेली पॉलिन जेन्सन तुस्कानो. म्हणजे मम्मी. आठ दिवस झाले, मम्मी भाजी निवडता निवडता मधेच थांबून भिंतीकडे बघत बसायची.

“काढायचं काय त्यात?” ॲन्सेल्म काकानं हाताचा पंजा झटकला. तो रेती-खडी पुरवायचा. त्याच्या खिशात नेहमी दोन पेनं आणि गळ्यात जाड साखळी असायची, आणि येत्या निवडणुकीत तो उभा राहणार हे गावातल्या कोंबड्यांनाही माहीत होतं. “पपा सरपंच होते, आता नाहीत. संपला विषय. पंचायतीनं आजच्या सरपंचाला विचारावं आजचं. गेलेल्या माणसामागे लागायला पंचायत काय पोलीस चौकी आहे? वहिनी, तू सरळ विरोधात हात वर कर आणि घरी ये.”

“एवढं सरळ नाही ते, भावोजी.” मम्मी पहिल्यांदाच बोलली. “मला मतं बावखळाकाठच्या बायकांनी दिली. त्यांच्या विहिरी खाऱ्या झाल्यात. मोगरा करपतोय, केळी उभी राहत नाहीत. बावखळ भरलेलं असायचं तेव्हा त्याचं गोडं पाणी जमिनीत मुरायचं, समुद्राचं पाणी पुढे सरकत नव्हतं. आता अर्धं बावखळ दगडमातीच्या डबराखाली आहे. त्या मला विचारतात, कोणी टाकला हा भराव? मी काय सांगू? माझ्या सासऱ्यांनी खुर्ची सोडली, आता विचारायचं नाही?”

“बेकायदेशीर ठरला भराव तर उपसून काढता येईल,” डॅडी पुटपुटले. ते बँकेत होते. कुठल्याही गोष्टीत नियम काय म्हणतो ते त्यांना आधी सुचायचं, आणि आपण काय म्हणतो ते अगदी शेवटी. “पण त्यासाठी पपांना साहेबासमोर उभं करायचं? या वयात? पॉलिन, तू त्या दिवशी आजारी पड. तटस्थ राहा.”

“तटस्थ आनि आजारी एकच असतं होय रे?” आत्या फणकारली. “सुनेनंच सासऱ्याला कोर्टात खेचलं म्हनतील! खबरदार पॉलिन!”

म्हणजे तिन्ही भावंडं एका बाजूला आणि मम्मी एकटी. स्टेफीनं आजोबांकडे पाहिलं. ते पानाच्या कडेला ठेवलेल्या सुकेळीवरचं, म्हणजे वाळवलेल्या केळ्यावरचं, वेष्टन सोडवत बसले होते. मोठे, गाठाळ हात. याच हातांनी ते भाषण करताना टेबलावर थाप मारायचे आणि मागच्या बाकावरची डुलकी घेणारी माणसं खाडकन जागी व्हायची.

तिनं ताट पुढे सरकवलं.

“आजोबा, मी रामनाथ म्हात्रेंची गोष्ट सांगू?”

“अगं, आता कसली गोष्ट?” डॅडी वैतागले.

“सांगू दे,” आजोबा सुकेळीकडे बघतच म्हणाले.

ही गोष्ट तुस्कानोंच्या घरात लग्नात, बारशात, कोणी परीक्षेत पास झालं तरी सांगितली जायची. स्टेफीला ती श्वासांसकट पाठ होती. ती उभीच राहिली.

“आजोबा तेव्हा मम्मीसारखेच नवे सदस्य होते. रामनाथ म्हात्रे दहा वर्षं सरपंच राहून घरी बसले होते. त्यांच्या काळात शाळेच्या भिंतीसाठी आणलेला घडीव दगड गायब झाला होता. सगळे म्हणाले, म्हातारा उतरला ना खाली, जाऊ दे. तर आजोबा सभेत उभे राहिले आणि म्हणाले, ‘रामनाथभाऊंनी खुर्ची सोडली, गाव सोडलं नाही. दगड गावाचा होता. तो कुठे गेला हे गावानं विचारायचं नाही, तर मग खुर्चीवर असताना खावं आणि विचारायच्या आदल्या दिवशी उतरून घरी जावं, अशी सोयच झाली!’” तिनं आजोबांसारखीच टेबलावर थाप मारली. वाट्या हादरल्या. “आणि चौकशी लागली. पायांना सूज होती तरी रामनाथ म्हात्रे चालत आले, बाकावर बसले, एकेका प्रश्नाला उत्तर दिलं. आणि निघालं काय? त्यांनी एक चिपसुद्धा नेली नव्हती. दगड विकला होता मुकादमानं!”

“आनि मग रामनाथकाकांनी पपांना घरी बोलावून चहा पाजला,” आत्या न राहवून म्हणाली. ही गोष्ट कोणी सांगत असताना तिला गप्प बसताच यायचं नाही. “म्हनाले, ‘व्हॅलेरियन, पाच वर्षं गाव माझ्या पाठीमागं कुजबुजत होतं. तू तोंडावर विचारलंस म्हनून मी सुटलो.’”

“आणि आपल्याला त्याचा केवढा अभिमान आहे!” स्टेफीचा आवाज चढला. “मग तो नियम रामनाथ म्हात्रेंना लागू, आणि आपल्याला नाही?”

आजोबांनी सुकेळी तशीच ठेवली, खुर्ची मागे सारली, खुंटीवरची टोपी घेतली आणि मागच्या दारानं वाडीकडे निघून गेले.

“झालं समाधान?” काका म्हणाला.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. आत्या राखेनं पातेलं असं घासत होती की त्यातून जाब विचारतेय असं वाटावं. मग तिनं ते पातेलं आपटलं.

“पॉलिन. कर हात वर.”

“काय?” मम्मीच्या हातातून चमचा निसटला.

“कर म्हनते ना! पोरगी बरोबर बोलली. माझ्या बापानं रामनाथकाकांना मोकळं केलं, आनि माझ्या बापाला कोन मोकळं करनार? आमच्या गावात माझी जाऊ अजून टोमने मारते, तुझ्या बापानं तळं विकलं म्हनून. मी गप्प बसते, गप्प बसते! माझ्या बापानं कोनाचा पेरू फुकट खाल्ला नाही. येऊ दे तो साहेब. बसू दे समोर. विचारू दे काय विचारायचं ते. निकाल लागला की त्या जावेला मी पेढे चारीन, नाक दाबून!”

डॅडी दारात उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. “तसं बघितलं तर... पपांचं नाव साफ व्हायला दुसरा रस्ता नाहीच.”

“म्हणजे तुम्हीपण?” मम्मीच्या चेहऱ्यावर आठ दिवसांत पहिल्यांदा रंग आला. “मी मंगळवारी बाजूनं हात वर करणार, जेन्सन. आजारी नाही पडणार.”

स्टेफीला उडीच मारावीशी वाटली. एका प्रश्नानं अर्धं घर फिरलं होतं! संपदा आणि उन्नतीला आता काय काय सांगू नि काय नको, असं झालं होतं तिला.

“डोकी फिरलीत तुमची सगळ्यांची.” काका डॅडींच्या मागे कधी येऊन उभा राहिला ते कळलंच नव्हतं. “घरचा माणूस चव्हाट्यावर आणायचा आणि वर पेढे! एकदा साहेब गावात शिरला की तो पपांपाशी थांबेल असं वाटतं तुम्हाला? सतरा जणांना बोलावतील. माझ्या निवडणुकीचं काय?”

“तुझ्या निवडणुकीचं काय व्हायचंय त्यात?” आत्यानं सहज विचारलं.

“नाव एकच आहे ना!” काका चिडून म्हणाला, आणि अंगणात गेला.

स्टेफी त्याच्याकडे बघत राहिली. काहीतरी नीट बसत नव्हतं. गणितात उत्तर येतं पण पडताळा जुळत नाही, तसं. चौकशीनं रामनाथ म्हात्रे सुटले. आजोबांना हे सगळ्या गावाहून जास्त माहीत. मग स्वतःची वेळ आल्यावर ते का उठून गेले? ज्यानं काही केलं नाही त्याला कशाची भीती? आणि ज्याची चौकशी नाहीच, तो काका एवढा का उकळतोय?

अंगणात काकाचा टेम्पो उभा होता. ड्रायव्हर मागे घेत होता, फाटक अरुंद होतं, एका बाजूला पेरूचं झाड. काका मागे उभा राहून हात हलवत होता. “येऊ दे, येऊ दे, येऊ दे... डावीकडे काट... येऊ दे... बास!” आणि त्यानं फळीवर दोनदा तळहात आपटला. थाड, थाड.

स्टेफीनं दाराची चौकट धरली.

तीन वर्षांपूर्वी सहावीत होती ती. सकाळची शाळा, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. गाव अजून नीट जागं झालं नव्हतं; बावखळाच्या काठाला ट्रक उलटे येत होते, आणि काका असाच उभा होता. येऊ दे, येऊ दे, बास. थाड, थाड. मग ट्रकचं मागचं अंग वर उचललं जायचं आणि दगडमाती धडधडत पाण्यात पडायची, पाणी उंच उडायचं, आणि ती टाळ्या वाजवत होती. एवढे मोठे ट्रक आपल्या काकाचं ऐकतात! काकानं तिला बघून हातही हलवला होता. आणि शाळा सुटल्यावर ती धावत घरी आली होती. ओट्यावर आजोबा सुपारी कातरत बसले होते. “आजोबा, काका कसला भारी आहे! तो नुसता हात हलवतो आणि ट्रक मागे येतात!”

आजोबांनी अडकित्ता खाली ठेवला होता. त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. तब्येतीचं कारण देऊन.

टेम्पो फाटकाबाहेर गेला. काका त्यात चढला, चर्चच्या पलीकडे त्यानं बांधलेल्या नव्या घराकडे निघाला, आणि जाता जाता त्यानं तिला हातही हलवला. अगदी तेव्हासारखाच.

आजोबा बावखळाच्या उरलेल्या अर्ध्या काठावर, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांच्या वरच्या टप्प्यावर बसले होते. समोरच्या बाजूला पाण्याऐवजी डबराचा उंचवटा होता, त्यावर गवत माजलं होतं आणि कोणीतरी खुंट्या ठोकून तार ओढून ठेवली होती.

स्टेफी शेजारी बसली.

“मी तुम्हाला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “ट्रकचं. काकाचं. मीच सांगितलं होतं ना?”

आजोबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“तू लहान होतीस.”

“आता नाही.”

“ते दुपारीच कळलं सगळ्यांना.” त्यांच्या मिशीत हसू हललं आणि विरलं. “सरपंच म्हणून बसलो असतो तर दुसऱ्या दिवशी मलाच त्याला नोटीस काढावी लागली असती. पोटच्या पोराला. मी त्याला घरात बोलावलं, विचारलं. तो म्हणाला, बिल्डरला शब्द दिलाय, पैसे घेतलेत, खर्चलेत. मग मी उतरलो. वाटलं, गाव मला बोलेल. बोलू दे. आपली पाठ रुंद आहे. तो निवांत राहील, सुधारेल.”

“म्हणून तुम्हाला चौकशी नको.”

“चौकशी माझ्या नावानं सुरू होईल, बाळा, आणि त्याच्या दारात जाऊन थांबेल.”

स्टेफी डबराच्या ढिगाकडे बघत होती. तिला आजोबांचा अभिमान वाटत होता आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकाच वेळी कसं येऊ शकतं ते तिला समजत नव्हतं.

“रामनाथ म्हात्रेंनाही मुलगे होते?”

“तीन.”

“मुकादम त्यांचा कोणी असता तर? तुम्ही चौकशी मागितली असती?”

आजोबांनी पायरीवरचा एक खडा उचलला, पाण्यात टाकायला हात मागे नेला, आणि तसाच खाली ठेवला.

“मागितली असती,” ते म्हणाले. “त्या वयात मागितलीच असती. तू मला फार वाईट जागी गाठलंस गं.”

“तुम्ही उतरलात, आजोबा, पण भराव तिथंच आहे. खुर्चीबरोबर तो गेला नाही. आणि काका आता त्याच खुर्चीवर बसायला निघालाय.”

व्हॅलेरियन तुस्कानोंनी आपल्या नातीकडे असं पाहिलं, जसं ते कधीकाळी सभेत एखाद्या नव्या सदस्यानं बिनतोड मुद्दा मांडल्यावर पाहायचे. विरोधी बाकावरचा असला तरी.

“स्पर्धेत कोणत्या बाजूनं बोलणार आहेस म्हणालीस?”

“करावी.”

“मग माझ्यासमोर उभी राहून बोल. बसून नको बोलूस. तुस्कानो उभं राहून बोलतात.” त्यांनी गुडघ्यावर हात टेकले आणि स्वतःही उठले. “मंगळवारी ठराव झाला तर मी चालत जाईन. मला विचारतील ते मी सांगेन. पण एक ऐक. तू जे पाहिलंस ते तुझं आहे. मी तुला सांग म्हणणार नाही, आणि गप्प बस असंही म्हणणार नाही. मी तुझ्या वतीनं तीन वर्षं गप्प बसलो. आता तुझं तू ठरव.”

वाडीतून एकटीच घराकडे येताना स्टेफी मनात हिशोब मांडत होती.

काकाबरोबर तिनं पहिल्यांदा गाडीचा हॉर्न वाजवला होता. नाताळच्या कार्यक्रमात तिला माईक मिळाला, तेव्हा पहिल्या रांगेत उभं राहून शिट्टी वाजवणारा काकाच होता. आणि बावखळाकाठची ती मोगऱ्याची बाई, जी मम्मीला दारात उभी राहून म्हणाली होती, ‘पॉलिनबाई, आमी काय पाप केलं?’ या दोघांना एका तागडीत कसं तोलायचं, ते कुठल्याच बाईंनी फळ्यावर लिहिलं नव्हतं. पण एक गोष्ट तिला स्वच्छ दिसत होती. जे आजोबांनी प्रेमानं झाकलं, ते झाकलेलंच राहिलं तर मम्मीचा मंगळवारचा हात अर्धाच वर जाईल.

स्वयंपाकघरात मम्मी उरलेलं इंद्याल बरणीत भरत होती. डॅडी पुसलेली ताटं फडताळात लावत होते. आत्या घरी निघून गेली होती. दोघंही बऱ्याच दिवसांनी हलक्या आवाजात एकमेकांशी हसत होती.

“मम्मी, डॅडी, जरा थांबा.” स्टेफी उंबऱ्यात उभी राहिली. ताठ. आणि तिनं सगळं सांगितलं. ट्रक, काका, टाळ्या, आजोबांचा अडकित्ता, राजीनामा. न थांबता, न वाढवता. वक्तृत्वाचा एक शब्द नाही.

डॅडी स्टुलावर बसले. हातातलं ताट त्यांनी छातीशी धरलं होतं.

“म्हणून पपा...” ते म्हणाले. मग ताटाकडे बघत, “तो माझा धाकटा भाऊ आहे, स्टेफी. त्याला मी पोहायला शिकवलं. याच बावखळात.”

“मला माहीत आहे, डॅडी.”

“तुला कोणी बोलावणारसुद्धा नाही,” मम्मी घाईघाईनं म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. “तू लहान आहेस. मी हात वर करीन, पपा त्यांचं सांगतील, साहेब काय ते शोधून काढतील. तू यात पडायचं काही कारण नाही. समज, कोणी विचारलंच, तर बघू.”

“कोणी विचारायची मी वाट बघणार नाही.” स्टेफीनं उंबऱ्याजवळच्या खुंटीवरची सायकलची किल्ली काढली. “चौकशीला साहेब आले की मी त्यांच्यासमोर जाऊन मी काय पाहिलं ते सांगणार. आणि त्याआधी, बुधवारी राख घ्यायच्या आधी, आत्ता, काकाच्या घरी जाऊन त्याच्या तोंडावर सांगणार की मी हे सांगणार आहे. पाठीमागून नाही. तो स्वतः आधी बोलला तर सगळ्यात बरं. मी सायकल काढते. तुमच्यापैकी कोणाला बरोबर यायचं असेल, तर चपला घाला.”